घरांतील उष्णतेचा जमाखर्च व तो पाहण्याचें स्वस्त साधन

(लेखक : एक निवृत्त अव्वल कारकून)

शेताचा जमाखर्च लिहून ठेवावा, हें आतां बहुतेक शेतकरी बंधूंस पटलेलें आहे. परंतु ज्या घरांत आपण दिवसाचे निम्मे तास काढतों, त्या घरांत उष्णता किती येते व किती जाते याचा हिशेब कोणी पाहत नाहीं. चैत्र-वैशाखांत घर तापतें व पौष-माघांत गारठतें, हें दैवाचें देणें समजून आपण सोसतों. सोसवेनासें झालें म्हणजे कोणी कूलर आणतो, कोणी भिंतीस नवा गिलावा करवितो, कोणी खिडकी बुजवितो. आणि पैसे खर्च होऊनही घर पूर्वीं होतें तसेंच राहतें. याचें कारण एवढेंच कीं, उष्णता कोणत्या वाटेनें येते व कोणत्या वाटेनें जाते याची चौकशी खर्चाच्या आधीं झालेली नसते. मोजणी केल्यावांचून हद्दीचा दगड रोवावा, तशांतलाच हा प्रकार होय.

ही बाब केवळ सुखसोयीची नाहीं. धडधाकट माणूस दुपारीं झाडाखालीं जाऊन बसतो; पण म्हातारीं माणसें, तान्हीं मुलें, बाळंतिणी व आजारी यांस पत्र्याखालींच पडून राहावें लागतें. सन २०१० च्या उन्हाळ्यांत अहमदाबाद शहरीं मृत्यूंची संख्या फार वाढली. त्यानंतर सन २०१३ मध्यें तेथील महानगरपालिकेनें उन्हापासून बचावाची योजना आंखली, व पुढें गरिबांच्या घरांचीं छपरें पांढरीं करण्याचें कामही तींत घेतलें. शहरानें जें केलें तें खेड्यांतील घरधन्यास आपल्या घरापुरतें करणें कठीण नाहीं. मात्र प्रथम आपल्या घराची पाहणी व्हावयास हवी. त्यासाठीं एक स्वस्त यंत्र हल्लीं मिळतें. त्याची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

यंत्राची ओळख

सन २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली, तेव्हां बँकेच्या, कचेरीच्या व देवळाच्या दारांत कपाळासमोर पिस्तुलासारखें यंत्र धरून ताप पाहत असत, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. त्याच जातीचें, पण वस्तूंचें तापमान पाहण्यासाठीं केलेलें यंत्र म्हणजे ‘इन्फ्रारेड थर्मामीटर’. या लेखापुरतें आपण त्यास तापमापक म्हणूं. साधारणतः हजार ते दोन हजार रुपयांत तें मिळतें. घरच्या कामास याहून महागाची जरूर नाहीं.

सन १८०० मध्यें इंग्लंडांत विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदांनीं सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच उजेड दिसत नव्हता, तेथेंही थर्मामीटर तापला. या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक वस्तु आपापल्या तापमानाप्रमाणें हे किरण सतत बाहेर टाकीत असते. चुलीपासून दोन हात दूर बसूनही तोंडास धग लागते, ती बव्हंशीं या किरणांची. तापमापकाच्या तोंडाशीं असलेलें भिंग हे किरण गोळा करून आंतील ग्राहकावर पाडतें, व तो किती तापला त्यावरून समोरच्या पृष्ठभागाचें तापमान आंकड्यांत दिसतें. भिंतीवर तांबडा ठिपका पडतो तो केवळ नेम धरण्यासाठीं. मोजणीशीं त्याचा संबंध नाहीं. तो कोणाच्याही डोळ्यांवर पडूं देऊं नये, व यंत्र मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये.

थंड मुलखांत घरें इंधन जाळून उबदार ठेवावीं लागतात. तेथें खिडकीच्या कडेनें, दाराच्या फटींतून किंवा माळ्यांतून ऊब निघून गेली कीं इंधनाचा पैसाच निघून जातो. म्हणून तेथील लोक हें यंत्र हिंवाळ्यांत भिंतीवरून फिरवून ऊब कोठें गळते तें शोधतात. आमच्याकडे घर तापविण्याचा खर्च नाहीं; आमचें दुखणें मुख्यतः उन्हाळ्याचें आहे. परंतु उष्णतेचा नियम एकच. ती जास्त तापलेल्या बाजूकडून कमी तापलेल्या बाजूकडे जाते, आणि जी वाट तिला सोपी असते ती दोन्ही दिशांनीं सोपी असते. म्हणून जें छप्पर वैशाखांत उष्णता आंत घेतें, तेंच बहुधा पौषांत ती बाहेर सोडतें.

यंत्र घेतांना व वापरतांना

पहिली गोष्ट, कपाळाचा ताप पाहण्याचें यंत्र या कामीं घेऊं नये. तें माणसाच्या अंगच्या उष्णतेपुरतेंच चालतें, आणि कातडीच्या तापमानावरून अंगांतील तापाचा आंकडा बसवून दाखवितें. पत्रा किंवा भिंत त्याला कळत नाहीं. शून्याच्या खालपासून निदान दोनशें अंशांपर्यंत मोजणारें यंत्र घ्यावें. त्यावर सेल्सिअस व फॅरनहाइट असे दोन्ही अंश असतात. कळ दाबून सेल्सिअस ठेवावे. या लेखांतील सर्व अंश सेल्सिअसचेच आहेत.

दुसरी गोष्ट, यंत्र हवेचें तापमान सांगत नाहीं. समोरच्या पृष्ठभागाचेंच सांगतें. खोलींतील हवेसाठीं साधा थर्मामीटर सावलींत टांगून ठेवावा. कांचेच्या खिडकींतून बाहेरची भिंत मोजूं गेल्यास कांचेचेंच तापमान दिसेल.

तिसरी गोष्ट, अंतर. यंत्रावर ‘१२:१’ असा कांहींतरी आंकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ असा कीं, बारा हातांवरून नेम धरल्यास एक हात रुंदीच्या वर्तुळांतील सरासरी तापमान दिसतें. तांबडा ठिपका हरभऱ्याएवढा दिसला म्हणून मोजणी तेवढ्याच जागेची होते असें समजूं नये. दाराची फट पाहावयाची तर यंत्र अगदीं वीतभर अंतरावर आणावें. नाहींतर फट व भिंत यांची खिचडी होऊन आंकडा निरुपयोगी ठरेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण पत्र्याच्या घरांत हीच फसवते. माती, चुना, वीट, लांकूड, सिमेंट व रंग दिलेला पृष्ठभाग आपल्या तापमानाप्रमाणें पुरेपूर किरण टाकतात. नवा, चकाकणारा जस्ती पत्रा किंवा ॲल्युमिनियम तसें करीत नाहीं; तो स्वतःचे किरण थोडे टाकतो व समोरच्या वस्तूंचे आरशासारखे परतवितो. त्यामुळें हात लावतां येणार नाहीं इतका पत्रा तापलेला असूनही यंत्र त्याचा आंकडा पुष्कळ कमी दाखवितें. यावर उपाय सोपा आहे. पत्र्याच्या आंतल्या, सावलीच्या बाजूस विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावावी, किंवा चुन्याचा तळहाताएवढा पट्टा ओढून वाळूं द्यावा, व त्यावर नेम धरावा. चुना डोळ्यांस पांढरा दिसला तरी अवरक्त किरणांच्या बाबतींत तो काळ्यासारखाच वागतो. म्हणून दोन्ही चालतात.

याखेरीज यंत्र एका जागेहून फार निराळ्या तापमानाच्या जागीं नेल्यास पंधरा-वीस मिनिटें तसेंच ठेवून मग वापरावें. ओल्या भिंतीचा आंकडा ओलाव्यामुळें कमी येतो. धूर, वाफ व भिंगावरील धूळ यांनीं चूक होते. स्वस्त यंत्रांत एक-दोन अंशांचा फरक असावयाचाच. म्हणून तेवढ्या फरकावरून अनुमान काढूं नये. मात्र एकाच यंत्रानें एकाच वेळीं घेतलेल्या आंकड्यांची आपसांतील तुलना बरीच भरंवशाची असते, आणि आपलें काम तुलनेचेंच आहे.

पाहणी कशी करावी

प्रथम कागदावर घराचा कच्चा नकाशा काढावा. प्रत्येक खोलीच्या भिंतींस दिशेप्रमाणें नांव द्यावें, छपराचे भाग पाडावे, दारें-खिडक्या दाखवाव्या व प्रत्येकाचें क्षेत्र चौरस फुटांत लिहावें. नंतर जिच्या दोन्ही बाजूंस खोल्या आहेत अशी एक मधली भिंत निवडावी. तिला ऊन लागत नाहीं व बाहेरचा वारा लागत नाहीं; म्हणून ती आपली मूळ खूण. इतर सर्व आंकडे तिच्याशीं ताडून पाहावयाचे.

पाहणी तीन वेळां करावी : पहांटे सूर्योदयापूर्वीं, दुपारीं दोन-तीनच्या सुमारास, व रात्रीं आठ-नऊ वाजतां. प्रत्येक ठिकाणीं तीन वेळ आंकडा घेऊन मधला धरावा. आभाळ निरभ्र आहे कीं ढगाळ, वारा आहे कीं नाहीं, व बाहेर सावलींतील हवेचें तापमान किती, हें तक्त्याच्या माथ्यावर लिहावें. हें न लिहिलेला तक्ता म्हणजे तारखेवांचूनचा अर्ज होय.

आतां आकारणी. शेताचा सारा ठरवितांना क्षेत्राला दरानें गुणीत असत. येथेंही तीच रीत चालते. मधल्या भिंतीहून जितके अंश जास्त तो दर, आणि जितके चौरस फूट तें क्षेत्र. उदाहरणादाखल समजा कीं, पत्र्याच्या एका खोलींत दुपारीं मधली भिंत ३६ अंश आहे. छप्पर आंतून ५२ अंश व ४०० चौरस फूट. पश्चिमेची भिंत ४० अंश व १५० चौरस फूट. दक्षिणेची भिंत ३८ अंश व १५० चौरस फूट. दार-खिडकी मिळून ४१ अंश व ३० चौरस फूट. मग आकार असा येतो :

छप्पर : १६ × ४०० = ६४००
पश्चिमेची भिंत : ४ × १५० = ६००
दक्षिणेची भिंत : २ × १५० = ३००
दार-खिडकी : ५ × ३० = १५०
एकूण : ७४५०

जुन्या हिशेबानें सांगावयाचें तर रुपयांतील सुमारें पावणेचौदा आणे उष्णता एकट्या छपरांतून उतरते, व पश्चिमेच्या भिंतीचा वांटा जेमतेम सव्वा आण्याचा आहे. असा घरधनी पश्चिमेच्या भिंतीस जाड गिलावा करवील तर त्याचा खर्च सव्वा आण्याच्या दुखण्यावर होईल. हें गणित ठोकळ आहे, व फटींतून येणारा वारा त्यांत धरलेला नाहीं; तरी कोणतें काम आधीं करावें हें ठरविण्यास तें पुरेसें आहे.

घराच्या जातीप्रमाणें निकाल

पत्रा पातळ असतो. ऊन पडतांच तो तापतो व सावली येतांच निवतो. भर उन्हांत तो साठ अंशांच्याही वर जाऊं शकतो. म्हणून त्याची खरी परीक्षा दुपारची. आपली कातडी साधारण तेहतीस ते पस्तीस अंशांची असते. त्याहून जास्त तापलेलें छप्पर डोक्यावर असेल तर तें अंगावर सतत धग पाडीत राहतें. पंखा लावूनही समाधान कां होत नाहीं, याचें हें एक कारण आहे. पंखा हवा हालवितो, छपराची धग अडवीत नाहीं.

सिमेंटच्या स्लॅबची गोष्ट निराळी. तो जाड असल्यामुळें दिवसभर उष्णता पोटांत घेतो व ती कांहीं तासांनीं आंतल्या बाजूस पोंचते. दुपारीं पाहणी करून ‘स्लॅब पत्र्याहून थंड आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यानें रात्रीं आठ वाजतां पुन्हां पाहावें. बाहेरची हवा निवल्यावरही स्लॅब तापलेलाच सांपडेल. निजण्याची वेळ आणि त्याची उष्णता सोडण्याची वेळ एकच येते.

सोलापूर, मराठवाडा व अहिल्यानगरकडील जुनीं माळवदाचीं घरें या परीक्षेंत चांगलीं उतरतात. जाड मातीची भिंत व वर मातीचा थर यांतून उष्णता इतकी सावकाश जाते कीं, ती आंत पोंचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते व तिचा जोरही ओसरलेला असतो. माळवदास दरसाल डागडुजी लागते, पावसाळ्यांत गळतीची धास्ती असते, हें खरें. तरी पण तें पाडून स्लॅब घालण्यापूर्वीं दोहोंचे आंकडे एकदां समोरासमोर मांडून पाहावे. कौलारू घर या दोहोंच्या मधलें; कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, हा त्याचा गुण आहे.

उपाय व त्यांची निवड

उपाय मुख्यतः दोन जातींचे आहेत, व त्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे.

पहिली जात ऊनच परतविण्याची. फाल्गुनांत स्लॅबवर किंवा पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावे; ताजा चुना पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग परत धाडतो. पत्र्यावर चुना नीट धरत नाहीं व पावसांत धुऊन जातो. म्हणून त्यांत चिकट द्रव्य मिसळावें व दरसाल काम करण्याची तयारी ठेवावी. छपराच्या वर हातभर अंतरावर शेडनेट ताणणें, मांडव घालून दुधी-घोसाळ्याचे वेल चढविणें, पश्चिमेस झाड लावणें, हेही याच जातीचे उपाय होत.

दुसरी जात उष्णतेची वाट अडविण्याची. पत्र्याखालीं हात-दीड हात जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचें किंवा लांकडी फळ्यांचें छत करावें, आणि पत्रा व छत यांमधील तापलेली हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांस वाट ठेवावी. असें केल्यानें पत्र्याची धग माणसांवर पडण्याऐवजीं छतावर पडते. चुलीच्या वर मात्र तट्ट्या किंवा कापड लावूं नये. आगीचें भय आहे. छपरावर कडबा किंवा उंसाचें पाचट पसरण्यासही तीच हरकत आहे.

आतां हिंवाळ्याचा विचार करूं. निफाड तालुक्यांत पौषांत पारा पांच अंशांच्या खालीं उतरल्याचें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. अशा निरभ्र रात्रीं पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतो व भोंवतालच्या हवेहूनही थंड होतो. पहांटे यंत्र धरल्यास आंतून तो मधल्या भिंतीहून पुष्कळ अंश कमी दाखवील. निजलेल्या माणसांच्या श्वासांतील वाफ त्या थंड पत्र्यास लागून तिचें पाणी होतें व अंथरुणावर ठिबकतें. पुष्कळ लोक त्यास छपराची गळती समजतात. येथें चुन्याचा उपयोग नाहीं, कारण रात्रीं परतवावयास ऊनच नसतें व उष्णता टाकण्याच्या कामीं पांढरा चुना काळ्यासारखाच वागतो. छत मात्र दोन्ही ऋतूंत कामास येतें. हिंवाळ्यापुरती टोकांची वाट आवळून घ्यावी. म्हणून ज्याच्या तक्त्यांत छप्पर दुपारींही दोषी व पहांटेही दोषी निघेल, त्यानें आधीं छताचा खर्च करावा. ज्याचें दुखणें केवळ उन्हाळ्याचें, त्यास चुन्याचा थोडा खर्च पुरेल.

वारा येणाऱ्या फटींसाठीं यंत्राच्या जोडीस उदबत्ती घ्यावी. जेथें आंकडा एकदम उतरतो व उदबत्तीचा धूर वळतो, तेथें फट आहे असें समजावें. परंतु सगळ्याच फटी बुजविण्याच्या नादीं लागूं नये. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें म्हणजे मरणास बोलावणें होय. तिच्यापासून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं, व निजलेल्या माणसास तो कळतही नाहीं. दाराच्या खालची फट बुजविलीत तरी वरचा झरोका उघडा ठेवा, आणि शेगडी खोलींत ठेवून निजूं नका.

कोणताही उपाय केल्यावर तशाच उन्हाच्या दिवशीं, त्याच वेळीं, त्याच ठिकाणीं पुन्हां आंकडे घ्यावे व जुन्या तक्त्याशेजारीं लिहावे. फरक दिसला तर पुढील खर्च करावा. न दिसला तर थांबून कारण शोधावें.

इतर उपयोग व एक सूचना

गोठ्याच्या पत्र्याची पाहणीही याच रीतीनें होते. कोंबडीच्या पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें तेहतीस ते पस्तीस अंशांची ऊब लागते. त्या खोलीच्या कोणत्या कोपऱ्यांतून ती निघून जाते हें यंत्र लगेच दाखवील. मोटारीच्या विजेच्या पेटींत एखादा जोड इतरांहून फार तापलेला दिसला तर तो ढिला झाला असावा. हात न लावतां तारतंत्र्यास बोलवावें.

हें यंत्र एका घरास वर्षांतून चार-दोन दिवसच लागतें. म्हणून प्रत्येकानें तें विकत घेण्याची जरूर नाहीं. गांवच्या सोसायटीनें एक यंत्र, एक साधा थर्मामीटर व कोऱ्या तक्त्यांची वही घेऊन ठेवावी, व सभासदांस पाळीपाळीनें नोंद करून द्यावी. शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांनीं गांवांतील पत्रा, स्लॅब, कौल व माळवद अशा चार घरांची पाहणी एका दिवशीं केली, तर सबंध गांवास उपयोगी पडेल असा तक्ता तयार होईल. नवें घर बांधणाऱ्यास त्या तक्त्यावरून आपल्या गांवचें ऊन व आपल्या गांवची थंडी आंकड्यांत समजेल, आणि म्हाताऱ्या आईची खाट कोणत्या खोलींत व कोणत्या भिंतीशीं घालावी, हेंही त्याच तक्त्यावरून ठरवितां येईल. त्यास पैसा मुळींच लागत नाहीं.